पाटलांचा खांदा

बोरखेडीत पोळ्याची रीत ठरलेली होती: वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची, मग गावाची. यंदा मात्र दाजीबा पाटलांनी बैल विकले आणि नव्या ट्रॅक्टरलाच झूल घालून, बाशिंग बांधून तोरणापुढं आणलं! इंजिनाच्या धडधडीनं सगुणाबाईचा म्हातारा बैल हरण्या बिथरला. त्याचा हा शेवटचा पोळा होता.

"भाऊजी, पोळा बैलांचा असतो," ती म्हणाली.

पाटलांनी मिशीला पीळ दिला. "वहिनी, मान बैलाचा नसतो, घराण्याचा असतो!"

सगुणाबाईचे डोळे लकाकले. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवानं सोलवटलेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. कालची उरलेली वाटी घेऊन ती घरून धावतच आली आणि भर गर्दीत पाटलांपुढं उभी ठाकली.

"खांदा उघडा करा, भाऊजी."

"आँ? कशाला?"

"मान घराण्याचा, म्हणजे जूही घराण्यानंच ओढलं असणार! कुठं घासलंय दाखवा, लोणी लावते!"

सारी वेस हसण्यानं दणाणली. पाटील लालबुंद झाले. मग त्यांची नजर हरण्याच्या घट्टे पडलेल्या खांद्यावर गेली. त्यांनी इंजिन बंद केलं, सगुणाबाईच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतःच्या बोटांनी हरण्याच्या खांद्याला लोणी लावलं.

"वाजवा रे ढोल!" ते ओरडले. "मानकरी निघाले!"