मधल्या धारेचा हंडा

एका राज्यात नदी होती एक आणि न्याय होते दोन. पूर्वकाठी न्याय तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला. शास्त्रीबुवांनी कलम शोधायचं, निवाडा द्यायचा. पश्चिमकाठी पत्रा नाही, अक्षर नाही. तिथं पिंपळावर एक म्हातारी साळुंकी. हजार वर्षांतले निवाडे तिला तोंडपाठ. पूर्वी झालं तसंच आता करायचं.

मधे नाव हाकायचा सटवाजी. त्याला दोन्हीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि काही अडलंही नव्हतं.

एके दिवशी भर धारेत त्याच्या वल्ह्याला सोन्याचा हंडा लागला. सटवाजीनं तो नावेत घेतला, तोच शेजारी बसलेली बायको तान्हाई दगडाची झाली. पाण्यातून एक मांत्रिक बोलला, "हंडा कुणाचा ते सांग. तीनदा चुकलास, तर ही कायमची शिळा."

सटवाजी पूर्वकाठी धावला. शास्त्रीबुवांनी पत्रे चाळले. "भूमीतलं धन राजाचं. कलम सातवं."

"पण हा पाण्यात होता."

"पाण्याखाली भूमीच असते, मूर्खा!"

"राजाचा!" सटवाजी ओरडला. शिळा हलली नाही.

पश्चिमकाठी साळुंकी म्हणाली, "सात पिढ्यांमागं एका कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी मिळाली. ती त्यालाच दिली. म्हणून हंडा तुझा."

"पण हा मासा नव्हे, बाई."

"याहून जवळचा निवाडा मजपाशी नाही."

"माझा!" तान्हाईच्या दगडी गालावर शेवाळ चढलं.

सटवाजीचं डोकं भणाणलं. दोघंही शहाणी, दोघंही ठाम, आणि बायको दगड! त्यानं दोघांना नावेत घातलं, भर धारेत नेलं. "आता भांडा. उत्तर मिळेतो नाव काठाला लागायची नाही."

नाव डुलली. शास्त्रीबुवांनी घाबरून कधी न उघडलेला शेवटचा पत्रा काढला. "कलम नसेल तिथं रीत पाहावी."

साळुंकी पुटपुटली, "अंगठीही रीतीनंच दिली होती. जाळं ज्याचं, मासा त्याचा. नावाड्यांची रीत काय रे?"

सटवाजी चक्रावला. हे काय विचारणं झालं? "मधल्या धारेत सापडलं ते मधल्या धारेला परत. आजा करायचा, बाप करायचा."

"मग उचललास कशाला?"

"सोनं होतं, बुवा."

त्यानं हंडा पाण्यात सोडला. "नदीचा!"

तान्हाई शिंकली. गालावरचं शेवाळ पुसत उठून बसली.

शास्त्रीबुवांनी तिथंच नवं कलम कोरलं. साळुंकीनं तोच निवाडा पाठ केला.

"मग तुम्हा दोघांत फरक तो काय?" सटवाजीनं विचारलं.

"फार मोठा!" दोघं एकदम ओरडली, आणि पाठीला पाठ लावून बसली.



"आवं, त्यांचं त्यांना कळंल," तान्हाई म्हणाली. "तुमची रीत तुमाला ठाव हुती ना? वल्हं मारा."