राख

"मग त्यातलं चांगलं कोणतं?" धुनीतलं लाकूड पुढं सारत गैबीबुवांनी विचारलं.

शशांक देवस्थळी याच प्रश्नाची वाट बघत होता. वीजखात्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. नव्या प्रकल्पाबद्दलचं त्याचं मत उद्या समितीपुढं जायचं होतं, आणि जाण्याआधी गुरूंची शाबासकी पदरात पडावी, एवढ्यासाठी तो मठात आला होता. माणूस हुशार होता. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"कोळसा गावंच्या गावं काळी करतो, बुवा. धूर थेट छातीत जातो. सूर्य स्वच्छ, पण संध्याकाळी घरी जातो. वारा तर लहरी."

"आणि अणू?"

"धूर नाही. रात्रंदिवस वीज. कचरा कोळशाच्या मानानं अगदी थोडका."

"पण उरतो."

"उरतो. तो तांबडवाडीच्या डोंगरात खोल पुरावा, असं मी सुचवतोय."

"किती दिवस राखायचा?"

"दिवस...?" शशांक हसला. "हजारो वर्षं, बुवा. पण त्याची सोय करता येते."

"वाडीतल्या लोकांना सांगितलंस?"

"त्यांना काय कळणार त्यातलं? काळजी करू नका म्हणालो आणि निघालो."

बुवा पुढं वाकले. मग धुनीच्या कडेची निवलेली चिमूटभर राख उचलून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

"राख," म्हणाले, आणि अंघोळीला नदीवर निघून गेले.

शशांकनं डोळे मिटले. भक्तिभावानं कपाळाला बोट लावलं, हात झटकले आणि फोन बघत बसला.

बुवा ओलेत्यानं परत आले. त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"दे."

"काय, बुवा?"

"तुझ्याकडं दिलं होतं ते."

"अंगारा? लावला की कपाळाला."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा... झटकला."

स्वतःचाच शब्द कानावर पडला आणि तो थबकला. तांबडवाडीत आपण हेच करून आलो. तिथली माणसं त्याच्या तोंडाकडं बघत राहिली होती, आणि तो गाडीत बसला होता. त्याचे कान तापले. मान वर होईना. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"चुकलो, बुवा... मला वाटलं, प्रसाद दिलात. तुम्ही नुसतं राख म्हणालात..."

"मी राख म्हणालो," बुवा म्हणाले. "तू राख ऐकलीस."