येसाईनं उलगडलेली पगडी

फार वर्षांपूर्वी, आंबेतळच्या तळ्याचं पाणी सगळ्यांचं होतं आणि ते कायम सगळ्यांचंच राहील असं गावाला वाटत होतं, त्या काळी तिथं येसाई नावाची पगड्या बांधणारी बाई होती. पुरुषांचं काम बाई कशी करते, असं विचारणारेही पगडी तिच्याकडूनच बांधून घेत. नुसतं चाचपून ती पगडीचं वय सांगे, कुणाच्या हातची ते सांगे, घालणाऱ्याला पडसं होतं का तेही सांगे. असं म्हणतात.

गावच्या देवळात एक मानाची पगडी होती. दरवर्षी शेतांना पाणी सोडायला तळ्याची मोरी उघडताना ती गावातल्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवत. ती कुणाची, कधीची, कुणालाच ठाऊक नव्हतं. मानाची पगडी उलगडायची नाही, उलगडणाऱ्याची बोटं तोडायची, असा दंडकच होता.

एका वर्षी रंगराव इनामदार देवळाच्या पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "ही पगडी माझ्या पणजोबांना दरबारातून मिळाली. तळं त्यांनी बांधलं. तेव्हा पहिलं पाणी माझ्या उसाला. उरेल ते तुमचं."

उसाचं रान एवढं मोठं, की काय उरणार ते सगळ्यांना कळत होतं.

"येसे, ठेव माझ्या डोक्यावर," इनामदार म्हणाले.

येसाईनं पगडी उचलली. हातात फिरवली. मग सरळ स्वतःच्याच डोक्यावर ठेवली.

"अगं, भान आहे का?"

"आहे सरकार. वरचा जरीचा पेच माझ्या आज्याच्या हातचा, तुमच्या वडलांच्या वेळचा. आतलं कापड त्याहून जुनं. पण ही पगडी डोक्यावर नुसती बसत नाही. वर कुणी ओझं ठेवील म्हणून वाट बघतेय."

"बोटं नकोशी झाली वाटतं तुला!"

"खोटी पडले तर तोडा की. पण बघून तोडा."

आणि तिनं पगडी उलगडायला घेतली. असं म्हणतात, कापड संपेचना. जरीखाली रेशीम, रेशमाखाली सूत, सुताखाली जाडंभरडं. सगळ्या कापडाचं एक टोक देवळात राहिलं आणि दुसरं तळ्याच्या बांधावरून वळसा घालून परत देवळाशी आलं. जितक्या पिढ्या, तितके थर. आणि अगदी पोटात निघाली चुंबळ. बाया टोपलीखाली डोक्यावर घेतात तीच. हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांची, निळसर चिखल वाळून दगड झालेली.

"ही माती आपल्या शिवारात कुठंच नाही," येसाई म्हणाली. "तळ्याच्या बुडाशी असेल तरच."

तळं तर कधी आटलेलं नव्हतं. मग भिवा कोळ्यानं उडी घेतली. असं म्हणतात, तो इतका वेळ वर आला नाही की बायकोनं रडायला सुरुवात केली. आला तेव्हा त्याच्या मुठीत, गाळाखालून उकरलेला, तोच निळसर चिखल होता.

"तळं कोरडं होतं, खणत होते, तेव्हाची ही चुंबळ," येसाई म्हणाली. "पाण्याच्या आधीची. हिच्याहून जुना मान कुणाचा?"

"माझ्या पणजोबांच्या देखरेखीखाली खणलं!"

येसाईनं चुंबळीत अडकलेला केस अलगद ओढला. ओढतच राहिली. हातभर निघाला.

"पणजोबा वेणी घालत होते का, सरकार?"

देवळात जे हसू उसळलं त्यानं तळ्यावर लाटा उठल्या, असं म्हणतात. इनामदारांची उसाची गोष्ट तिथंच बुडाली.

येसाईनं दिवसभर बसून थरावर थर पुन्हा बांधला. शेवटचा पेच मात्र तिनं खोचलाच नाही, लोंबता सोडला.

"घट्ट कर की," पुजारी म्हणाला.

"कशाला? घट्ट होती म्हणूनच खोटं बोलता आलं."

इनामदारांच्या नावाचा दगड आजही बांधावर आहे. मातीची टोपली वाहणाऱ्या त्या बाईचं नाव कुणीच कोरलं नाही, येसाईचंही नाही. पण मोरी उघडायच्या दिवशी ती पगडी गावातली एखादी बाईच घालते आणि वर मातीची टोपली घेऊन बांधावर चढते. पाठीवर तो पेच लोंबत असतो, पोरं मागून ओढतात, कुणी रागावत नाही. आणि आंबेतळात कुणी पूर्वजांच्या मोठेपणाच्या फार गप्पा मारू लागला, की पारावरून कुणीतरी हमखास ओरडतं, "बोलवू का येसाईला?"