ठकूचं वल्हं

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. डोणवलीत ठकू नावाडीण राहायची. नवरा गेल्यावर तिनंच वल्हं हातात घेतलं, आणि भरल्या पुरातही तिची नाव कधी डगमगली नाही, असं म्हणतात.

ठकूला एकच लेक, येसू. सकाळी ही पोर अंथरुणातून उठायचं नाव घेत नसे, आणि दुपारी मात्र वाळूत हुंदडायची. गाव म्हणे आळशी आहे, कुणी म्हणे बाहेरचं लागलंय. ठकूसुद्धा तिला दंडाला धरून ओढायची. एका पहाटे ओढताना तिचा हात येसूच्या गुडघ्यावर पडला. गुडघा सुजून तव्यासारखा तापला होता. पोर रडतही नव्हती. रडून काही होत नाही हे तिला कळून चुकलं होतं. ठकूनं तिला वैद्याला दाखवायचं ठरवलं.

पंचक्रोशीत वैद्य एकच, नारोपंत. ते बाजारच्या दिवशी दुपारी ठकूच्याच नावेतून पलीकडून यायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. दुपारी येसूचे सांधे मोकळे झालेले असत. "पोर ठणठणीत आहे, ठकू. लाड कमी कर," असं ते दर वेळी सांगत. अशी दोन वर्षं गेली.

मग एका बाजारच्या दिवशी नारोपंत परतायला नावेत बसले आणि ठकूनं वल्हं नदीत भिरकावून दिलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"लागलं असंल. पर आज हितंच ऱ्हावा, पंत. माझी लेक सकाळची बघा."

गड्यांनी बांबू लावून रेटली, तरी नाव काठ सोडीना, असं म्हणतात.

पंत चरफडत रात्री गावातच राहिले. उजाडताच त्यांनी येसूचा गुडघा चाचपला आणि आखडलेली बोटं उघडून पाहिली.

"हा आळस नाही, बाहेरचंही नाही. हिचं शरीरच हिच्या सांध्यांवर उलटलंय. मी केव्हाच बघायला हवं होतं."

औषधानं, शेकानं येसूचं दुखणं कमी झालं. उजवा गुडघा मात्र कधीच सरळ झाला नाही. फार उशीर झाला होता. पंतांनी तिला तपासलं त्याच सकाळी वल्हं प्रवाहाच्या उलट वाहत येऊन काठाला लागलं, असं म्हणतात. गावानं ते देवळात ठेवलं.

ठकू गेली, येसूही म्हातारी होऊन गेली. आता पूल आहे, डॉक्टर गाडीनं येतात. पण संध्याकाळ झाली की गावातल्या बायका हक्कानं डॉक्टरांच्या गाडीची किल्ली मागून घेतात आणि देवळातल्या त्या वल्ह्याला अडकवतात. सकाळी पोरं बघून झाली की किल्ली परत मिळते. आणि डोणवलीत अजूनही कुठलीच आई झोपलेल्या पोराला दंडाला धरून उठवत नाही. आधी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते.