पाटी पुसायला लागलेला वेळ

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात तेलाचं एकच दुकान होतं. तेल यायचं लांबच्या बंदरावरून, बैलगाड्यांनी. गाड्यांच्या दोन दिवस आधी एक घोडेस्वार यायचा आणि बंदरातला भाव सांगून जायचा.

भाव चढला की स्वार घोड्यावरून उतरायच्या आत दुकानाच्या पाटीवर नवा आकडा यायचा. कोठीतलं तेल असायचं जुन्या, स्वस्त भावाचंच. आणि भाव उतरला की याच दुकानदाराचे हात जड व्हायचे. आधी महागाचा साठा संपू दे, असं तो गोड बोलून सांगायचा. लोक मुकाट्याने बुधल्या भरून न्यायचे. दुसरं दुकान होतं कुठे?

त्या गावची एक रीत होती. गाड्या जिथून नदी ओलांडत त्या उतारावर रोज दिवेलागणीला एक मोठा दिवा लावायचा, आणि त्यासाठी घराघराने पळीभर तेल द्यायचं. एक म्हातारी दारोदार फिरून ते गोळा करी. तेल महागलं तशी लोकांची पळी अर्धी झाली.

एकदा स्वाराने दोन बातम्या आणल्या. बंदरातला भाव निम्म्यावर आला होता, आणि परवाच्या गाड्यांबरोबर दुकानदाराची लेक पहिल्या माहेरपणाला येत होती. दुकानदाराने घर सारवून घेतलं. पाटीला मात्र हात लावला नाही.

गाड्या यायच्या दिवशी सकाळीच म्हातारी दुकानात आली.

"भाव उतरलाय म्हणतात. आज पाटी पुसलीस तर लोक पळी भरून घालतील. दिवा मध्येच विझतो रे हल्ली."

"जुना साठा आहे, आजी. महागाने घेतलेला," दुकानदार म्हणाला. हे खोटं होतं, कोठीतलं तेल भाव चढण्याआधीचं, स्वस्तातलंच होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी गाड्या उताराला लागल्या आणि दिवा विझला. पहिलीच गाडी डोहात कलंडली. लेकीची हाक ऐकून दुकानदार धावला, पण काळोखात त्याला पाणी कुठे नि काठ कुठे तेच कळेना. तेवढ्यात पाठीमागून उजेड आला. चुलीपुढचे, देवापुढचे, हाती लागले ते दिवे घेऊन सारा गाव नदीवर उतरला होता. त्या उजेडात चौघांनी उड्या घेतल्या आणि पोरीला जिवंत बाहेर काढलं.

म्हातारी आपल्या दिव्यातलं तेल पोरीच्या गार पडलेल्या तळपायांना चोळू लागली. दुकानदार पुटपुटला, आजी, राहू द्या, मी दुकानातून आणतो.

"असू दे," म्हातारी म्हणाली. "जुनाच साठा आहे, महागाने घेतलेला. पण वेळेला नाही काढायचा तर कधी?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते त्याला जास्त लागलं. भोवतीच्या प्रत्येक दिव्यातलं तेल त्याने कोणाला काय भावाने विकलं होतं, हे त्याला पाठ होतं. शरमेने त्याला कोणाकडे बघवेना.

लेकीला घरी पोचवून तो ओल्या अंगानेच दुकानात गेला आणि ओल्या बाहीने पाटी पुसली. क्षणभराचंच काम होतं ते.

तात्पर्य: भाव चढवताना जी घाई सुचते तीच उतरवताना सुचली, तरच गावात मान वर करून चालता येतं.