पर्वतपित्याचा आवाज

एका राज्यात माणसे मरत, पण मेलेल्यासाठी कोणी रडत नसे. उत्तरेला एक निळा पर्वत होता. रोज सूर्योदयी त्यातून आवाज येई, "भिऊ नका. मी तुमचा पिता. माझ्या बागेत कोणी मरत नाही." मग तापाने फणफणलेल्या लेकरालाही कोणी काढा पाजत नसे. पिता बोलावतो आहे, त्याला अडवायचे कशाला?

राणी धवलाक्षीची एकुलती एक लेक कलिका अशीच तापात गेली. राणीनेच वैद्याला दारातून परत पाठवले होते. पण पुढे रिकामी शय्या तिला पाहवेना. "एकवार लेकीला भेटून येते," असे राजाला सांगून ती पर्वताकडे निघाली.

पहिल्या दारी अग्नीची नदी होती. राणी ती अनवाणी ओलांडून गेली. दुसऱ्या दारी दगडी नाग होता. त्याने तिच्या केसांचा काळेपणा मागितला, तिने तो दिला. तिसऱ्या दारी एक जख्ख मांत्रिक बसला होता.

"राणी, माघारी फिर."

"माझी लेक आत आहे."

"आत गेलीस की ती नसेल."

राणी आत गेली. आत बाग नव्हती. उघडा खडक होता आणि खडकावर पिसे झडलेला एक रावा.

"माझी कलिका कुठे आहे?"

"ठाऊक नाही," रावा त्याच धीरगंभीर आवाजात म्हणाला. "फार पूर्वी एका राजाचा पुत्र वारला. दुःख सोसवेना, म्हणून त्याने मला ते शब्द पढवले. मांत्रिकाकरवी शाप दिला, की कोणी ऐकते आहे तोवर मी बोलावे, मरू नये. खालच्या लोकांनीही ऐकले. राणी, मी फार थकलो."

"मग पिता?"

"मी तरी पाहिला नाही."

"शाप कशाने सुटेल?"

"ज्याचे मूल गेले, त्याने ते मेले असे इथे मोठ्याने म्हणावे."

राणी खडकापाशी गेली. मग ती मोठ्याने म्हणाली, "माझी कलिका मेली. मी तिला औषध दिले नाही."

रावा निपचित पडला. नदी विझली, नागाचा धोंडा झाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, पण आवाज आला नाही. घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्यांचे रडे फुटले. राणीने वेशीवर उभे राहून सारे सांगितले. लोकांनी धोंडे उचलले. एक बाई पुढे आली. "माझी दोन लेकरे त्या बागेत होती," ती म्हणाली. "आता ती कुठे ठेवू?"

राणीने तिच्यापुढे गुडघे टेकले. एकेकाच्या हातून धोंडे खाली पडले.

मग राजाने वैद्यांना मानाने बोलावले. घरोघरी काढे उकळू लागले, आणि त्या वर्षी पुष्कळ लेकरे वाचली. त्यांच्या आया त्यांना कडेवर घेऊन राजवाड्यावरून जात. सज्जात राणी उभी असे. वर मात्र कोणी पाहत नसे.