सोनजी मोतद्दाराचा फेरा

आमच्या आज्याच्या आज्यानंसुद्धा ही गोष्ट ऐकलेलीच होती, बघितलेली नव्हती. एवढी ती जुनी. तेव्हा पिंपळदऱ्यात, घाटाच्या पायथ्याला, सोनजी मोतद्दार राहायचा. मोतद्दार म्हणजे घोडे सांभाळणारा.

लांबलांबचे लोक आपले घोडे त्याच्याकडे आणून सोडत. कुणाचा नाठाळ, कुणाचा लंगडा, कुणाचा उभा राहून राहून दम गेलेला. सोनजी घाई करायचा नाही. आधी नुसतं चालवायचा. चालून पाय घट्ट झाले की मग दुडकी, आणि दुडकीत दम टिकायला लागला की मग चढ. खोगीर काढलं की पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलून खडा बघायचा. दौडून आलेल्या घोड्याला मात्र तो लगेच पाणी दाखवायचा नाही, उभंही करायचा नाही. छाती सुकेपर्यंत पारासभोवती फिरवायचा. तापलेलं जनावर उभं राहिलं तर आखडतं, घटाघटा प्यालं तर पोटात कळ येऊन मरतं, असं तो सांगायचा. त्याच्या हातचा घोडा वाऱ्याला मागं टाकायचा, असं म्हणतात.

एक खोड होती त्याला. लगामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. "अरे, हात काढ! तू एक सांगशील, मी एक सांगेन. जनावरानं ऐकायचं कुणाचं?" लोक चेष्टेनं म्हणत, "एक वेळ सोनजीच्या ताटातली भाकरी उचल, पण लगाम धरू नको."

त्याला एकच लेक, ठकू. आईविना वाढवलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. गावची म्हातारी सुईण म्हणाली, "माझ्यानं होत नाही रे सोनजी. घाटावरच्या गोदाक्काला आण."

सोनजीनं आपली हरणी घोडी काढली. पण चढ लागला तसा खाली उतरला आणि लगाम धरून पायी चढू लागला.

"लेक तिकडं मरतीय, आणि ह्याला घोडीचा कळवळा!" खालून कुणीतरी ओरडलं.

सोनजीनं वळून पाहिलं नाही. दम इथंच संपला तर पुढं काय, हे त्याला ठाऊक होतं. घाटमाथा आला आणि त्यानं मांड टाकली. पठारावरच्या गुराख्यांना घोडी दिसलीच नाही, नुसती धुळीची रेघ दिसली, असं म्हणतात. येताना गोदाक्का घोडीवर आणि सोनजी खोगिराची रिकीब धरून शेजारी पळत. उन्हं कलायच्या आत दारात.

थोड्या वेळानं आतून पोर रडलं. जमलेले लोक हसले. सोनजीही हसला, आणि फेसाळलेल्या हरणीला पारासभोवती फिरवू लागला.

मग गोदाक्का बाहेर आली. "सोनजी, रक्त थांबत नाही. पोरगी तुला बोलावतीय."

सोनजीनं घोडीच्या छातीला हात लावला. ओली होती. "एवढा फेरा झाला की आलोच," तो म्हणाला. भोवती सगळं गाव उभं होतं. पण ज्यांना जन्मभर 'हात काढ' म्हणून ओरडला, त्यांच्यातलं कुणी पुढं झालं नाही. आणि त्याच्याही तोंडातून 'धरा रे' एवढं आलं नाही.

तो वळसा घालून आला, तेव्हा आत बायकांनी हंबरडा फोडला होता.

सोनजी थांबला नाही. घोडी कधीच सुकली, तरी फिरतच राहिला. कुणी आडवं आलं तर बाजूनं निघून जायचा. फेरा मोठा होत गेला, पारावरून गावाबाहेर, गावाबाहेरून रानात, आणि एक दिवस तो नि हरणी दिसेनासे झाले. वारा नसताना माळावर धूळ गोल फिरते, तो सोनजी घोडी फिरवतोय, असं म्हणतात.

ठकूची मुलगी जगली. तिचा वंश अजून गावात आहे.

आता आमच्याकडं घोडे उरले नाहीत. जत्रेपुरती एक घोडी भाड्यानं आणतात, पारासभोवती फिरवतात, आणि दर फेऱ्याला लगाम दुसऱ्या घरच्या हातात जातो. आणि कुणाच्या घरी माणूस अखेरच्या घटका मोजत असलं, त्याचं कुणी लांबून धावत आलं, तर उशीर का झाला असं आम्ही विचारत नाही. पुढं होऊन हातातलं काढून घेतो, बैलाचा कासरा असो नाहीतर फटफटीची किल्ली. आणि म्हणतो, "द्या इकडं. तुम्ही आत जा."